फवारणीआधीची रक्ततपासणी : परभणीतल्या लॅबचा आमचा अनुभव

पाचपैकी चार. एक का कापला तेही लिहिते, पण आधी चार कशासाठी दिले ते सांगते. ज्यांच्या घरचं किंवा कामावरचं माणूस पाठीला पंप अडकवून कपाशीत उतरतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आमची जमीन पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर. कपाशी, सोयाबीन, तूर, थोडा भाजीपाला. मालक नोकरीवर असतात, शेती मी बघते. परभणीतल्या या लॅबमध्ये आम्ही शुगर, थायरॉइड करायला जायचो. तिथं भिंतीवर तपासण्यांची यादी लावलेली आहे, त्यात ‘सीरम कोलिनेस्टरेज’ असं वाचलं आणि काउंटरवर विचारलं, हे काय असतं. दुसरीकडं कुठं विचारलं असतं तर ‘डॉक्टरनं लिहून दिलंय का’ एवढंच ऐकलं असतं. इथल्या टेक्निशियननं मला बसवून घेतलं आणि विचारलं, “ताई, तुमच्याकडं फवारणी कोण करतं?”

मग त्यांनी जे समजावलं ते असं. आपल्या नसा स्नायूंना हुकूम देतात तो एका रसायनातून, त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. हात उचलायचा, श्वास घ्यायचा, लाळ सुटायची, आतडं हलायचं, सगळीकडं हेच रसायन सुटतं. हुकूम पोचला की ते लगेच संपलं पाहिजे, नाहीतर स्नायू आखडूनच राहील. ते संपवायचं काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं नाव ॲसिटिलकोलिनेस्टरेज. त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलीन तोडून टाकतो, त्याचं कोलीन आणि ॲसिटेट करतो. मी मनात धरलं ते असं, की वाफा भरला की फावड्यानं बांध फोडून पाणी पुढं काढणारा गडी आहे हा. गडी बसला तर पाणी काही थांबत नाही, वाफा फुटतो.

आणि मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट, ॲसिफेट ही आपल्या कपाटातली फॉस्फरसवाली औषधं नेमकी त्याच गड्याला बसवतात. अळीच्या शरीरातही हेच विकर आहे आणि आपल्याही. म्हणून अळी मरते आणि म्हणूनच फवारणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. माझा मुलगा वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकतो, त्यानं घरी आल्यावर आणखी एक सांगितलं. जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडीसाठी औषध शोधत होता, त्याच्या हातून 1936 मध्ये टॅबून हा युद्धातला विषारी वायू निघाला आणि पुढं सरीन. 1995 मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत जो सोडला तो सरीन, तोही याच विकराला धरतो. हे ऐकल्यापासून मी त्या कपाटाला कुलूप लावते आणि किल्ली माझ्याजवळ ठेवते.

आता लॅबचं वेगळेपण. सुई टोचायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. मागच्या महिन्यात कशाची फवारणी झाली? कावीळ होऊन गेली का? दारू? बाई असेल तर दिवस गेलेत का? घरात कुणी भूल दिल्यावर उशिरा शुद्धीवर आलं होतं का? एवढे प्रश्न विचारणारी लॅब मी आधी पाहिली नव्हती, आणि प्रत्येक प्रश्नाला कारण होतं. रक्तातल्या पाण्यात जे कोलिनेस्टरेज मोजतात ते नसांमधल्याचं भावंड आहे, ब्युटिरिलकोलिनेस्टरेज, आणि ते यकृतात तयार होतं. यकृत खराब असेल, खाणं नीट नसेल, पोटात बाळ असेल, तर फवारणी न करताही आकडा खाली दिसतो. काही घरांत तो जन्मापासूनच कमी असतो. एरवी त्यांना काही त्रास नसतो, पण ऑपरेशनच्या वेळी सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं तर त्याचा असर मिनिटांऐवजी तासन्‌तास राहतो, श्वास यंत्रावर चालवावा लागतो. आंध्र-तेलंगणाकडच्या वैश्य समाजात ही उणीव इतरांपेक्षा कितीतरी पटीनं जास्त सापडते. आपल्या नांदेड-परभणीकडंही आर्य वैश्य घरं भरपूर आहेत, त्यांनी ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला हे जरूर सांगावं.

पण खरं महत्त्वाचं त्यांनी पुढं सांगितलं. “एकदा तपासून काही कळत नाही ताई. औषध मारायच्या आधीचा आकडा पाहिजे, मग हंगामातला. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय अर्थ लागत नाही.”

म्हणून पाडव्याला साल ठरवतानाच मी आमच्या सुदामला सांगून टाकलं, की तपासणीचा खर्च माझा आणि त्या दिवसाचा रोज कापायचा नाही. त्याला आधी पटेना. “वहिनी, रक्त कामून काढायचं? मला काय झालंय?” म्हणाला. मी म्हटलं, काही झालेलं नाही तोवरच काढायचं. मृगाच्या आधी आम्ही तिघं गेलो. सुदाम, मी आणि चंद्रकलाबाई. चंद्रकलाबाईला का नेलं असं मोंढ्यात एकानं विचारलं. पंप पुरुष मारतो, पण पिंपातून कळशीनं पाणी आणून देणारी, बाटलीच्या टोपणानं औषध मोजणारी, संध्याकाळी त्याच कपड्यांची धुणी धुणारी बाईच असते. तिच्या हातांना हातमोजे कुणी देत नाही. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत दुसऱ्या दिवशी निंदायलाही तीच जाते. लॅबवाल्यांनी तिला वेगळं काढलं नाही, उलट आधी तिचंच रक्त घेतलं, हे मला फार आवडलं.

एका माणसाचे 600 रुपये पडले. उपाशीपोटी यावं लागत नाही. नमुना बाहेर पाठवत नाहीत, तिथंच मशीनवर लावतात, सकाळी दिला तर संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येतो.

सुदामचा आकडा आला 9,840. अहवालावर पुरुषांसाठी नेहमीची मर्यादा छापलेली होती, 5,320 ते 12,920. सगळं नीट.

गणपतीनंतर कपाशी कमरेच्या वर गेली, ढगाळ हवा, मावा आणि तुडतुडे एकदम आले. प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन मिसळलेलं औषध सगळीकडं चाललं होतं, आमच्याकडंही. सुदाम कधी काही बोलणारा माणूस नाही, पण जेवताना मान खाली घालून बसायला लागला. डोकं धरलंय म्हणायचा, घाम फार येतो म्हणायचा. उन्हानं असेल असं सगळे म्हणाले. मी त्याला गाडीवर बसवून परभणीला नेलं. आकडा आला 6,410.

आता कागद बघा. 5,320 च्या वर आहे, म्हणजे छापील अहवालात त्याच्यापुढं काही खूण नाही, ठळक अक्षर नाही. दुसऱ्या कुणी बघितला असता तर नॉर्मल आहे म्हणून घरी पाठवला असता. टेक्निशियननं आधीचा आकडा काढला, पेननं शेजारी लिहिला, भागाकार करून दाखवला: त्याच्या स्वतःच्या आकड्याच्या 65 टक्केच उरलंय. एक तृतीयांशाहून जास्त विकर औषधानं बसवलेलं होतं आणि कागद म्हणत होता सगळं ठीक. मला तो कागद हातात धरून घाम फुटला.

त्यांनीच सांगितलं की अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फवारणी कामगारांसाठी हा नियमच आहे. स्वतःच्या आधीच्या आकड्याच्या 80 टक्क्यांवर आलं की मालकानं काम कसं चाललंय ते तपासायचं. रक्तपेशींमधलं 70 टक्क्यांवर किंवा रक्तातल्या पाण्यातलं 60 टक्क्यांवर आलं की माणसाला औषधापासून बाजूला करायचं, आणि परत 80 टक्क्यांच्या वर चढेपर्यंत पंप हातात द्यायचा नाही. आपल्याकडं असा नियम कुणी पाळायला लावत नाही, म्हणून मी तो माझ्या शेतात लावून घेतला आहे. सुदाम 60 च्या वर होता, तरी त्याला त्रास होत होता, म्हणून आम्ही थांबवला. लॅबवाल्यांनी त्याच दिवशी डॉक्टरकडं पाठवलं, औषध काय द्यायचं ते स्वतः सांगितलं नाही, हेही बरोबरच केलं.

मग काम कसं चाललंय ते बघितलं. बॅटरी पंपाच्या झाकणाचं रबर गेलेलं, वाकलं की पाठीवर गळत होतं. सदरा ओला, पाठ ओली, वरून घाम. ही औषधं तेलात विरघळणारी, कातडीतून सहज आत जातात. तोंडावर फडकं बांधलं म्हणजे झालं असं आपण समजतो आणि पाठ उघडी सोडतो. रबर वीस रुपयांचं. ते बदललं, पाठीला प्लास्टिकचं एप्रन आलं, हातात नायट्रिलचे मोजे आले, वाऱ्याच्या दिशेनं चालायचं ठरलं, फवारणी झाली की धुऱ्यावरच साबणानं अंघोळ आणि कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. दिवाळीच्या आधी परत तपासलं तर 8,900, म्हणजे 90 टक्के. सुदामची भूक परत आली. चंद्रकलाबाईचा आकडाही मधे थोडा उतरला होता, पण 80 च्या वरच राहिला. आता मोजे न घालता ती टोपणाला हात लावत नाही.

आता कापलेल्या गुणाबद्दल.

पहिलं, आधीचा आकडा नव्या अहवालावर छापून येत नाही. जे पेननं लिहून दाखवलं ते त्या एका माणसामुळं. ते सुटीवर असताना आम्ही गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं फक्त कागद दिला. संगणकात जुना अहवाल असतोच, तो शेजारी छापणं अवघड नाही. जी लॅब शेतकऱ्यांची तपासणी करते तिनं हे केलंच पाहिजे.

दुसरं, रक्तपेशींवरचं कोलिनेस्टरेज इथं मोजत नाहीत, फक्त रक्तातल्या पाण्यातलं. दोन्हींत फरक आहे. लाल पेशींच्या पडद्यावर खरंखुरं ॲसिटिलकोलिनेस्टरेज असतं, नसांमध्ये असतं तेच, म्हणून नसांचं काय चाललंय ते ती तपासणी जास्त नीट सांगते. रक्तातल्या पाण्यातला आकडा लवकर पडतो आणि काही आठवड्यांत भरूनही येतो. पेशींवरचा मात्र नवी पेशी तयार होईल तेव्हाच भरतो, साधारण दिवसाला एक टक्का, कारण लाल पेशीचं आयुष्य 120 दिवसांचं. म्हणजे सुदामचा 8,900 आला याचा अर्थ आतून सगळं भरलं असं धरून चालत नाही, आणि म्हणून त्याला आम्ही त्या हंगामात परत पंप दिलाच नाही. ही दुसरी तपासणी त्यांनी सुरू करावी अशी मी विनंती केली आहे.

तिसरी गोष्ट लॅबचा दोष नाही, पण त्यांनी पाटीवर लिहायला हवी. या तपासणीत सगळी औषधं दिसत नाहीत. फॉस्फरसवाली आणि कार्बामेट गटातली दिसतात. कार्बामेट तर काही तासांत आपोआप सुटतं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी गेलात तर आकडा चांगला दिसू शकतो. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं विकराला हातच लावत नाहीत, ती नसेच्या दुसऱ्या जागी बसतात. सायपरमेथ्रिनचं कामही वेगळं. तेव्हा आकडा चांगला आला म्हणून माणूस सुरक्षित, असं कुणी समजू नये.

आणि हे मी सगळ्यात ठामपणे लिहिते. विषबाधा झाली असं वाटलं तर लॅबकडं यायचं नाही, आधी सरकारी दवाखाना. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, छातीत घरघर, अंगातले स्नायू उडणं, एवढ्यावर डॉक्टर ओळखतात, अहवालाची वाट बघत नाहीत. कपडे काढा, साबणाच्या पाण्यानं अंग धुवा, ओकवू नका, दूध-तूप पाजू नका, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा डबा सोबत घ्या. तिथं ॲट्रोपिन देतात, ते साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा असर अडवतं, छाती मोकळी होते. प्रॅलिडॉक्झिम हे विकरावरून औषध सोडवायचा प्रयत्न करतं, पण वेळ गेला की ती पकड पक्की होते आणि मग ते सुटत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएटसारख्यांत हे काही तासांत होतं, क्लोरपायरीफॉससारख्यांत जास्त वेळ मिळतो. म्हणून डबा सोबत न्यायचा, डॉक्टरला नाव कळायला हवं. आणि माणूस बरा दिसला तरी लगेच घरी आणायची घाई नको. एक ते चार दिवसांत मानेतली ताकद जाते, उशीवरून डोकं उचलत नाही, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. मान उचलून दाखव, असं दर काही तासांनी सांगायचं. 2017 मध्ये यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. तिथली कपाशी आणि आपली कपाशी एकच आहे, औषधंही तीच.

एक आणखी सांगायचंय, कारण लॅबवाल्यांनी ते विचारलं नसतं तर माझ्या लक्षात आलं नसतं. आमच्या सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे, त्यांना रिव्हास्टिग्मिनचा चिकटपट्टीसारखा पॅच लावतात. ते औषधसुद्धा हेच विकर अडवतं, पण मोजून आणि हळू. विसराळूपणाच्या त्या आजारात मेंदूत ॲसिटिलकोलीन कमी पडतं, म्हणून जे आहे ते लवकर तुटू नये यासाठी. डोनेपेझिल, गॅलँटामिन त्याच कामाची. मायस्थेनिया या स्नायूंच्या दुखण्यात पायरिडोस्टिग्मिन देतात, पापणी उघडत नाही ती उघडते. आणि शेतात नाग चावला तर दवाखान्यात सर्पविषाच्या लसीसोबत निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन देतात, तेही याच विकराला थोडा वेळ थांबवण्यासाठी. मण्यारीच्या विषात त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ती नसेतून रसायन सुटणंच बंद करते. लॅबवाल्यांनी सांगितलं की सासूबाईंचं रक्त कधी तपासलं तर पॅचचं नाव आधी कळवा, आकडा त्यानंच खाली दिसेल. आणि ज्याचं विकर गोळीनं किंवा पॅचनं आधीच अडवलेलं आहे त्याला फवारणीच्या वाऱ्यात बसवू नका. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी सासूबाई शेतातल्या कोट्यावर येत नाहीत, गावातल्या घरी राहतात.

जायचं असेल तर कपाशी लागायच्या आधी जा, उन्हाळी भाजीपाल्यावर फवारणी केली असेल तर त्यानंतर महिनाभर जाऊ द्या. सोबत औषधांच्या बाटल्यांच्या लेबलचे फोटो न्या. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाची कोणती वापरता ते त्यांना दाखवा. पहिल्या अहवालाचा कागद घरी जपून ठेवा, मोबाइलमधला उडतो. पायऱ्या चढून पहिल्या मजल्यावर जावं लागतं, म्हाताऱ्या माणसाला खाली येऊन रक्त घेतात, तेवढं फोनवर आधी सांगावं लागतं. आमच्या गावातल्या आणखी तीन घरांनी येत्या मृगाच्या आधी नावं दिली आहेत. एकदम दहा माणसं आली तर दर कमी करू, असं लॅबनं कबूल केलंय. ज्यांना यायचं त्यांनी आपापल्या सालगड्याला आणि पाणी आणणाऱ्या बाईला दोघांनाही सोबत आणावं.